बातम्या सांगत पळणारी

आमच्या गल्लीत केस कापायचं दुकान चालवणाऱ्या बाईला सगळे रेडिओ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. कात्री चालते तशी तिची जीभ चालते. जीभ थांबली तरच गिऱ्हाईक घाबरून आरशात बघतं, की हिच्या हातून काही वेडंवाकडं तर झालं नाही ना.

ही रेडिओ पळते. दिवसभर एका जागी उभं राहून पोटऱ्यांचे दगड व्हायचे, म्हणून चाळिशी ओलांडल्यावर ती नणंदेबरोबर सकाळी कालव्याकाठी जायला लागली आणि तिथे तिला हे वेड लागलं. नणंद टपालखात्यात, घरोघर पत्रं वाटणारी. अंगाने काटक, चाल अशी की कुत्री भुंकायची विसरतात. राहते त्याच घरात, वरच्या मजल्यावर. दर वर्षी तळ्याभोवती गावाची शर्यत होते, आणि दोघींचा करार असा, की जी मागे राहील तिने वर्षभर रविवारचा नाश्ता दोन्ही घरांना करून घालायचा. करार झाल्यापासून रेडिओला एकही रविवार अंथरुणात लोळायला मिळालेला नाही.

"यंदा तुमची पाळी, ताई," रेडिओ म्हणायची.

"दर वर्षी म्हणतेस गं वहिनी. अंडी मात्र तूच फोडतेस."

रेडिओचं घोडं एकाच ठिकाणी अडायचं. सुरुवात अशी दणक्यात, की निम्म्या तळ्यालाच फुप्फुसं गळ्याशी, आणि शेवटचा चढ कंबरेवर हात ठेवून चालत. यावर उपाय ठरलेला: थोडं जोरात, थोडं हळू, परत जोरात, असं टप्प्याटप्प्याने पळायचं. पण जोरात म्हणजे किती जोरात? नवऱ्याने हौसेने छातीचे ठोके मोजणारं मनगटी घड्याळ आणून दिलं. ठोके वाढले की ते किंचाळायचं. एकदा खुर्चीतल्या बाईला शेजारच्या गल्लीतलं भांडण सांगताना रेडिओ इतकी रंगली, की घड्याळाला वाटलं ही पळतेच आहे. ते किंचाळलं, कात्री दचकली आणि त्या बाईच्या कपाळावरच्या झुलपांना भगदाड पडलं.

त्या दिवसापासून घड्याळ नवऱ्याच्या मनगटावर. तो ते बांधून दुपारची झोप काढतो आणि उठून कौतुकाने सांगतो, "बघ, हृदय कसं शांत आहे माझं!"

"शांतच असायचं. काम कुठे आहे त्याला?"

मग नणंदेनेच तोड काढली. "तू बातम्या सांगत पळ. मी ऐकते. तुझ्या छातीत काय चाललंय ते मला बरोबर कळेल."

आणि कळायला लागलंच. हळू पळताना बातमी साग्रसंगीत यायची: कोण, कोणाची कोण, अंगात कोणत्या रंगाचं काय होतं आणि तिच्या सासूचं माहेर कुठलं. वेग वाढला की आधी सासू गळायची. आणखी वाढला की कपडे. म्हणजे वर्णनातले. पुरा जोर लागला की उरायचं नुसतं "गेली!" किंवा "आपटला!" आणि 'अहो ताई'चं 'ए' व्हायचं.

"गुलाबी म्हणालीस?" नणंद मागून ओरडायची. "गुलाबी सुचतंय म्हणजे अजून वाफ आहे अंगात. पळ!" आणि हळूच्या टप्प्यात, "सासू आली परत. बास झाला आराम. सूट आता, त्या दिव्याच्या खांबापर्यंत!"

एकदा "आपटला!"नंतर नणंदेला राहवलं नाही. तिने विचारलं, "कोणावर?" दोघी कठड्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि त्या दिवशीचं पळणं तिथेच आटोपलं.

शर्यतीच्या आठवड्यात रेडिओ नवऱ्याच्या घड्याळाचा पट्टा तोकडा करून घ्यायला घड्याळजीकडे गेली. परत आली ती डोळे चमकवत, पण गप्प. गिऱ्हाइकांशीही गप्प. नवऱ्याला वाटलं घसा बसला, त्याने मिठाचं गरम पाणी आणून दिलं. तिने तेही मुकाट गिळलं. हाती लागलेला ऐवज तिला शर्यतीतच खर्चायचा होता.

शर्यत सुटली. बाकीचे उधळले. रेडिओने मात्र सावकाश पावलं टाकत सुरू केलं, "अहो ताई, आपली बेकरीवाली आहे ना, जन्मात लग्न करणार नाही म्हणणारी? परवा तिच्या अंगात पिवळा नवा कोरा..."

नणंदेने कान दिला, म्हणजे पायही तिच्याच वेगाला बांधले गेले. तळ्याला वळसा घालत बातमी पुढे सरकत राहिली. रेडिओ आपलंच बोलणं ऐकत होती. सासू गळाली की पाऊल आवरायचं, परत आली की सोडायचं. चढाच्या पायथ्याशी ती म्हणाली, "ठरलं तिचं लग्न. नवरा कोण, माहितीये?"

"कोण?"

रेडिओ सुटली.

तिचा बेत असा, की ताई अवाक होऊन क्षणभर थबकतील आणि तेवढ्यात आपण निसटू. चूक तिथेच झाली. जन्मभर टपाल वाटलेली बाई. दारापर्यंत आलेलं अर्धवट सोडून जाणं तिच्या रक्तातच नाही. मागून पावलं धाडधाड यायला लागली. "कोण? ए वहिनी! अगं कोण?" कडेला उभ्या लोकांना वाटलं, पुढची काहीतरी चोरून पळतेय.

अर्ध्या चढावर, जिथे दर वर्षी हात कंबरेवर जायचे, तिथे रेडिओने बातमी मनातल्या मनात सांगून पाहिली. रंग नाही. सासू नाही. नाव मात्र अजून आहे. म्हणजे शिल्लक आहे! तिने तीही ओतली. चढ संपला तेव्हा नावही गेलं होतं, नुसती धाप उरली होती.

रेषा आधी ओलांडली नणंदेनेच, हातभर पुढे, आणि ओलांडताना ओरडली, "कोण?"

"तुम्हीच की, बाई! तुम्हीच पुढे!" झेंडा धरलेला औषधवाला म्हणाला.

"मी नव्हे हो! नवरा कोण?"

रेडिओ गुडघ्यांवर हात टेकून उभी. तोंड उघडतंय, आवाज नाही. नवरा घड्याळ घेऊन धावत आला. "रेडिओ बंद पडला!"

बऱ्याच वेळाने शब्द फुटले. "चढावर... चालले नाही. बघितलंत ना, ताई?"

"बघितलं गं राणी! अशी कधीच पळाली नव्हतीस. आता नाव सांग."

"घरी. नाश्ता झाल्यावर."

"मग जा, लाग कामाला. हरलीस तू."

"करते की वर्षभर. पण अंडी फोडताना माझ्याने बोलणं होत नाही."

"खोटारडी! कात्री चालवताना बरं होतं?"

रेडिओ घराच्या वाटेला लागली.

तासाभरात रेडिओच्या स्वयंपाकघरात जिंकलेली नणंद अंडी फेटत होती आणि हरलेली रेडिओ खुर्चीत बसून दुसऱ्या खुर्चीवर पाय पसरून होती. "घड्याळजी," ती म्हणाली. "एकटा माणूस, आणि दिवसातून दोनदा पाव आणायला जायचा. कधी विचार केलात, एवढा पाव खातो कोण? पट्टा घेऊन गेले तर बेकरीवाली आतल्या खोलीत आपल्या घरासारखी चहा गाळत होती. मला बघून स्वतःच म्हणाली, ठरलंय आमचं."

"अगं, मी रोज जाते त्याच्या दारात!" नणंदेचा टोस्ट करपला. तिने तो तसाच ताटलीत टाकला, गॅस बारीक केला आणि समोर खुर्ची ओढून बसली.

"असं नाही. आता पळत नाहीयेस तू. सासूपासून सांग."