लेंडर्टकाकांचे फासे

हॉलंडमधल्या स्किडामच्या धक्क्याला धान्याचं जहाज लागलं की आमच्या हमालघराची घंटा वाजायची. गोण्या कुणी वाहायच्या हे फाशांवर ठरे. मोठं दान पडलेल्या सहा जणांना काम, बाकीच्यांनी घरी जायचं.

लेंडर्टकाका तिथले सगळ्यात जुने. त्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे गेले होते, नजरही अधू झाली होती. गोणीखाली जो पडेल त्याचं नाव त्याच दिवशी हमालांच्या यादीतून कायमचं जाई. हा नियम काकांनीच कितीदा इतरांना सुनावला होता.

त्या सकाळी राय या धान्याच्या गोण्या आल्या. जिन दारूच्या भट्टीवर, चौथ्या माळ्यावर चढवायच्या होत्या. काकांनी फासे टाकले.

"किती रे, योरिस?" त्यांनी मला विचारलं.

दान अकराचं होतं. "चार," मी म्हणालो.

आमच्यातल्या हौबने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. "काका, आज फाशांनाही तुमची दया आली."

"दया तुझ्या बायकोची करावी. बिचारी तुझ्याशी संसार करते," काका म्हणाले. त्यांनी फासे उचलून पुढच्याला दिले. उचलण्याआधी त्यांचा अंगठा दोन्ही फाशांच्या कोरलेल्या ठिपक्यांवरून हळूच फिरला, ते मला दिसलं. माझं दान मोठं पडलं. दिवसभर गोण्या वाहिल्या. माझीही पाठ तेव्हा धड नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घंटा झाली. काकांनी फासे टाकले. दहा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "तू राहू दे." त्यांनी अंगठा फिरवला. "तीन," ते म्हणाले.

हौबसुद्धा हसला नाही.

काकांनी गोणी वाहताना डोक्यावर घ्यायची खुंटीवरची खोळ काढली, घडी घातली. दाराशी मी त्यांना गाठलं.

"काल अकरा होते ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सरळ सांगायचंस. मीच नको म्हणालो असतो."

"नसता म्हणालात, काका."

त्यांनी गुडघा चोळला.

"नसतो म्हणालो," ते म्हणाले.

खोळ माझ्या हातात देऊन ते भिंतीच्या आधाराने निघाले. आमच्या गावातल्या भिंती भट्ट्यांच्या धुराने काळ्या. वळणावर त्यांनी काळा झालेला तळवा पाहिला, विजारीला पुसला आणि पुन्हा भिंतीला टेकवला.

मी केलं ते बरोबर होतं का, मला अजून सांगता येत नाही.