भातखाचरातली धावपट्टी

लढाऊ विमानाच्या खेळात नुसतं समोर बघून भागत नाही. शत्रू मागून येतो. काकांनी मला पहिल्यांदा संगणकापुढं बसवलं तेव्हा एवढी एक गोष्ट त्यांना शिकवावी लागली नाही. परक्या घरांत राहून काम केलेल्या बाईला मागं बघायची सवय असतेच.

मी मूळची हिंगोलीकडची. शाळा सातवीत सुटली. मुलगी आईजवळ ठेवून इकडं आले, आजारी माणसांना सांभाळायच्या कामावर. आधीच्या घरांत सुट्टीवर निघाले की माझी पिशवी उघडून बघायचे. नसरापूरच्या या घरात कुणी बघितली नाही. काकूंना अर्धांगवायू झालेला, काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पहिल्याच दिवशी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. मला बरं वाटायच्या ऐवजी धास्तीच बसली. इतकं चांगलं कुणी उगाच वागतं का? पण मुलीची शाळा या घरावर चालली होती. हे घर सुटू नये, एवढंच माझं रोजचं मागणं होतं.

काकांचा उजवा हात थरथरायचा. आकाशात त्यांचं बरं चालायचं, पण उतरताना विमान आपटायचं. म्हणून जॉयस्टिक माझ्याकडं आली. वेग कमी-जास्त करणं आणि गोळ्या झाडणं त्यांच्याकडं. काकूंचा पलंग आम्ही पडद्याकडं तोंड करून वळवला होता. विमान पेटलं की काकूंच्या तोंडाचा एक कोपरा हसायचा. डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामानं जे होत नव्हतं, ते माझ्या पडण्यानं व्हायचं. मग कधी कधी मी मुद्दाम पडायची.

खेळातले परदेशी डोंगर काकांना आवडेनात. त्या खेळात आपला मुलूखही उभा करता येतो. महिनोन्‌महिने बसून त्यांनी वेल्ह्याचा मुलूख बनवला. राजगड, त्याच्या माच्या, खालची गुंजवण्याची खाचरं, रस्ते, देवळं. डोंगरांच्या उंच्या कुठल्याशा उपग्रहानं फार पूर्वी मोजलेल्या, तिथलं धरण व्हायच्या आधीच्या. त्यामुळं काकांच्या मुलखात धरण नव्हतं. जिथं आता पाणी आहे तिथं शेतं होती. विमान उतरायला सपाट जागा हवी, ती त्यांना गडाच्या पायथ्याला सापडली. भातखाचरांच्या मधोमध त्यांनी लांबलचक धावपट्टी टाकली.

एका दुपारी काका औषधं आणायला भोरला गेले होते. काकू म्हणाल्या, म्हणजे डोळ्यांनीच म्हणाल्या, लाव. मी एकटीच विमान घेऊन निघाले. नेमके तेव्हाच गुंजवण्याचे आबा वर्षाचा इंद्रायणी तांदूळ घेऊन आले. टेम्पोतून पोतं उतरवून थेट आत. त्यांना या घरात कुणी दारात थांबवत नसे. पोतं टेकवलं आणि त्यांची नजर पडद्यावर गेली.

"आरं तिच्या! ह्यो तर आपला गड!"

मी म्हटलं, "हो आबा, खेळ आहे."

ते पुढं सरकले. बोट काचेला टेकवलं. "हितं आमचं खाचर. पाण्याखाली गेल्यालं. ह्ये वर कसं आलं?" मग त्यांना धावपट्टी दिसली. "आन्‌ ह्यो डांबरी पट्टा कशाचा?"

"विमान उतरायचा."

आबा माझ्याकडं वळले. "कुठलं इमान?"

"खेळातलं, आबा."

"तू कुठली गं बाई?"

"हिंगोलीची."

"लई लांबून आणलीया तुला," एवढंच म्हणाले. चहा घेतला नाही. तांदूळ घेऊन आलेलं माणूस चहा न घेता गेलं, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. काकांना सांगितलं तर ते हसले. "आबाला काय, पुढच्या वेळी विमानात बसवू."

आठवड्याच्या आत नसरापूरच्या चौकात शेअर रिक्षावाला मला विचारायला लागला, "काय ताई, इमानतळ कवा चालू होतोय?" किराणा दुकानात बायका माझ्याकडं बघून गप्प व्हायच्या. मग पांढऱ्या गाडीतून एक जमीन-दलाल आला. काका आंघोळीला गेलेले. तो हळूच म्हणाला, "वहिनी, त्या नकाशाचा मोबाईलवर एक फोटो काढून द्या. तुमचं मी बघतो." मी दार लावून घेतलं आणि कडीही घातली.

पण कडी घातली तरी मन काही थांबेना. विमानतळ खरंच होणार असेल तर? काकांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेलेली. त्यांना अजून ऑफिसातल्या जुन्या लोकांचे फोन यायचे, आणि फोनवर बोलताना ते गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायचे. खेळासाठी कुणी एवढी देवळं जागच्या जागी बसवतं का? आणि कुणाला न ओळखणारी, लांबची, कमी शिकलेली बाई कशाला लागते? मी तांदूळ निवडत होते आणि त्याच तांदळाच्या मालकाला मी फसवते आहे की काय, असं वाटत होतं. काकांना विचारायची छाती झाली नाही. विचारलं आणि खोटं निघालं तर मी कृतघ्न. खरं निघालं तर घर गेलंच.

रविवारी आबा गावातल्या काही माणसांना घेऊन आले. चपला बाहेर काढल्या, पण कुणी बसेना.

"सायेब, खरं काय ते सांगा."

काका म्हणाले, "आबा, देवाशपथ खेळ आहे."

"तुमी धरणाच्या वक्ताला आलात, तवा म्हणला व्हता नुसती पाहणी हाय. आता म्हणताय नुसता खेळ हाय."

मी काकांचा चेहरा इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता.

मागचा एक जण म्हणाला, "आन्‌ ही बाई? हितली न्हाई, ना आगा ना पिछा. हिनंच दलालाला आणलं आसंल. हिला आदी काढा."

मनात मी पिशवी भरायला घेतली होती.

काका सावकाश म्हणाले, "तिला काढलं तर विमान कोण उतरवणार?" आणि मला म्हणाले, "बस. दाखव यांना."

मी बसले. मागं शत्रूचं विमान लागलं, पण माझ्या मागं खरी माणसं उभी असताना मला ते दिसलंच नाही. गोळ्या लागल्या, शेपूट पेटली आणि मी थेट धावपट्टीवर आदळले. धूर झाला. पलंगावरून काकूंचा आवाज आला. हसण्याचा होता, पहिल्यांदाच मोठ्यानं.

"झाला इमानतळ!" कुणीतरी म्हणालं. "उद्घाटनालाच जळाला." मग सगळेच हसले.

आबा मात्र हसले नाहीत. पडद्यावर धूर निवत होता, ते बघत होते. "सरकारी नकाशा न्हाई ह्यो," ते म्हणाले. "मोजणीवाले सगळं इसरतील, धरण न्हाई इसरायचे." मग काकांकडं वळून, "पर तुमी कसं इसरला, सायेब?"

काका म्हणाले, "उंच्या जुन्या आहेत, आबा."

"पाणी घालता येत न्हाई व्हय त्यात?"

"येतं."

आबांनी फक्त पट्टा पुसायला सांगितला. काकांनी त्यांच्यादेखत तो पुसला, आणि त्या जागी खाचरं परत आली. त्या दिवशी सगळ्यांनी चहा घेतला. मला काढा म्हणणारा माणूस माझ्या हातचा चहा घेताना म्हणाला, "बाई, साखर जास्त हाय." मी ते माफी मागणं समजले.

आता विमान उतरवायला जागा उरली नाही. सारोळ्याकडं हायवेजवळ सपाट आहे, काका म्हणाले, पण तीही कुणाची तरी जमीन. काही दिवस ते काहीतरी करत बसले आणि मला जवळ येऊ देईनात. मला वाटलं, झालं, आता निरोपाचं बोलणं कसं काढावं या विचारात असतील.

मग एका सकाळी हाक मारली. पडद्यावर काळी, सपाट जमीन होती. लांबवर एक ओढा, ओढ्याकाठी देऊळ, पलीकडं आमची शाळा, माझी सातवीपर्यंतची.

"तुझं गाव," काका म्हणाले. "सगळं सपाट. कुठंही उतर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पाणी पुसता पुसता मनात आलं, यांनी मला घरची वाट का दाखवली असेल? राहवलं नाही, विचारलंच, "काका, मला परत पाठवायचं आहे का?"

काका चष्मा काढून म्हणाले, "उद्या काकूला मालिशवाल्या डॉक्टरकडं न्यायचंय. परवा गॅसवाला येईल. आबांकडून वर्षाचे पोहे यायचेत. तू नसलीस तर हे कोण बघणार? आणि आता उडवतेस का, काकू वाट बघतीय."

मी आमच्या ओढ्यावरून विमान वळवलं. घराचं छप्पर शोधत होते, आणि आईनं खालून बघितलं तर घाबरेल की काय, असंही वाटत होतं.