चौतीस आकड्याचं घर

नत्थूजी झाडे सरकी चावून कापूस ओला की कोरडा ते सांगत. वर्ध्याच्या सहकारी जिनिंगमध्ये सव्वीस वर्षं त्यांचं हेच काम होतं. कापसाची बैलबंडी आत आली की ते तळाशी हात घालत, मूठभर कापूस काढत, सरकी दाढेखाली धरत. कोरडी सरकी कट्‌कन फुटते, ओली चेपते. त्यांनी मान हलवली की बंडी पुढे जायची. १९८६ च्या हंगामात जिनिंगने ओल मोजायची दोन यंत्रं घेतली. एक वापरायला, एक जादा. पहिल्याच आठवड्यात नत्थूजींनी कोरड्या म्हटलेल्या एकोणीस बंड्या यंत्राने अकरा टक्के ओल्या ठरवल्या आणि त्या परत गेल्या. मर्यादा दहाची होती. व्यवस्थापक मधुकररावांनी फळ्यावर नोटीस लावली : नत्थूजी ओळखीच्या शेतकऱ्यांचा ओला माल पास करतात, सबब त्यांना कामावरून थांबवण्यात येत आहे.

नत्थूजींची मुलगी कोकिळा पिपरी मेघेला घराच्या ओसरीत रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायची. वय सत्तावीस. सरकारी प्रशिक्षण संस्थेतून या कामाचा अभ्यासक्रम झालेला, शिवाय नागपूरला दोन महिन्यांचा प्रोसेसरचा वर्ग. त्या वर्गात ती एकटीच बाई होती आणि तिथलं इंग्रजी सूचनांचं जाडजूड पुस्तक तिने हाताने उतरवून आणलं होतं.

नोटीस लागल्यावर चार दिवसांनी जादा यंत्र बंद पडलं. गावात ते उघडणारं दुसरं कोणी नव्हतं. मधुकररावांनी ते निमूटपणे तिच्याकडे पाठवलं.

तुटलेली तार जोडायला दहा मिनिटं लागली. यंत्र चालू झालं का पाहायला तिने कापसात खुपसायच्या दोन सुया एकमेकींना टेकवल्या. यंत्राने चौतीस दाखवले. झाकणाच्या आत कंपनीने छापील तक्ता चिकटवला होता : सुयांमध्ये विजेला होणारा विरोध इतका, तर ओल इतकी टक्के; विरोध कमी तितकी ओल जास्त. सर्वांत वरचा आकडा पंचवीस होता. चौतीस त्यात कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती जिनिंगमध्ये गेली.

“यंत्र सुधरलं, साहेब. पण मी ते अजून ठेवून घेते. आतली चिप वाचून राह्यली.”

“सील तोडलं?” मधुकररावांनी विचारलं.

“तोडलं. माह्या नावानं लिहून ठेवा.”

“बापाले कामावरून काढलं म्हणून मशीनवर राग काढून राह्यली का?”

“रागानं चिप वाचता येत नाई, साहेब. आली असती तर पहिल्याच दिवशी वाचून झाली असती.”

चिप वाचायचं तयार यंत्र तिच्याकडे नव्हतं. तिने लाकडी फळीवर अकरा स्विच आणि आठ बारीक दिवे बसवले. स्विचांनी चिपमधल्या घराचा क्रमांक द्यायचा, दिव्यांवरून त्यातला आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. घरं दोन हजार अठ्ठेचाळीस. अकरा दिवस लागले. शेजारच्या लीलाबाई डोकावून म्हणाल्या, “कोकिळे, देवाची ओवाळणी चालू हाय का? दिवा लाव, दिवा इझव.” ती म्हणाली, “मधात बोलू नका, काकू, घर चुकते.”

बाराव्या दिवशी तिने पुस्तक समोर घेऊन आकड्यांमधून सूचना ओळखायला सुरुवात केली. त्या चिपमध्ये प्रोग्राम आणि तक्ता एकामागोमाग एकाच जागेत भरलेले असतात. प्रोसेसरला त्यातलं काही कळत नाही. सूचना जिथे नेईल तिथला आकडा तो उचलतो. पंचवीस, चोवीस, बावीस, वीस असा उतरत जाणारा तक्ता तिला सापडला. त्याच्या अगदी आधीच्या घरात चौतीस होते.

ते ओलीचं प्रमाण नव्हतं. ‘काम झालं, परत जा’ या सूचनेचा तो आकडा होता. त्याच्याही आधी तक्ता वाचायची सूचना होती : या सूचनेच्या पुढच्या घरापासून मोज आणि इतक्याव्या घरातला आकडा उचल. पण पुढच्या घरात तक्ता नव्हता, ‘परत जा’ होतं. ते घर ओलांडायला मोजणीत आधी एक मिळवावा लागतो. प्रोग्राम लिहिणारा ते विसरला होता. त्यामुळे यंत्र दर वेळी एक ओळ वरची, म्हणजे जास्त ओलीची वाचत होतं; सुया टेकवल्या की पहिल्या ओळीच्याही वरचं, चौतीसचं घर. तक्त्यात अकराच्या खाली नऊ होते. नऊचा कापूस अकराचा ठरत होता.

यंत्र चुकतं हे कोकिळाने कळवल्यावर नागपूरहून कंपनीचा माणूस आला, तेव्हा आवारात पंधरावीस बंड्या उभ्या होत्या. कोकिळाने वापरातलं यंत्र टेबलावर मागितलं आणि खिशातून ठरावीक विरोधाच्या, रेडिओत असतात तशा बारीक कांड्या काढल्या. प्रत्येक कांडी सुयांमध्ये धरण्याआधी ती आकडा बोलत गेली.

“तक्ता म्हणते नऊ. हे अकरा दाखवीन.”

अकरा.

“तक्ता म्हणते तेरा. हे चौदा दाखवीन.”

चौदा.

“बॅटरी उतरली असेल,” कंपनीचा माणूस म्हणाला. “बाई, हे पुण्यात शिकलेल्या इंजिनिअरांनी केलंय.”

“बॅटरी नवीन टाका. आता सुया जोडते. चौतीस येईन. तुमच्या तक्त्यात चौतीस कुठी हाय, तेवढं दाखवा.”

बॅटरी बदलली. चौतीसच आले. त्याने वहीचं पान मागून घेतलं, दोनदा वाचलं. “एक सूचना राहिली आहे,” तो म्हणाला, आणि हे तो मधुकररावांकडे न पाहता म्हणाला.

बंडीवर बसलेला एक शेतकरी ओरडला, “साहेब, मशीनले नोटीस लावा!”

संध्याकाळी मधुकररावांनी नत्थूजींना बोलावून पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं की त्यांना माफ करून कामावर परत घेण्यात येत आहे. नत्थूजींनी मुलीकडून ते वाचून घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

“माफी काऊन? मी काय केलं?”

“अरे नत्थूजी, तशी लिहायची पद्धत राह्यते.”

“मंग पद्धतीलेच कामावर घ्या.”

नवी चिप यायला वेळ होता. तोवर यंत्रं बंद होती. सहा दिवस नत्थूजी घरीच बसले. आवारात मधुकररावांनी स्वतः सरकी चावून पाहिली, दुसऱ्या दिवशी दाढ धरून बसले. दरम्यान दुसरं पत्र आलं. त्यात माफी नव्हती, पण ‘गैरसमजातून’ असं होतं. कोकिळाने ते तसंच परत पाठवलं. निरोप एवढाच : “समज बरोबर होती का चूक, यंत्र चुकलं का माणूस, ते लिहा.”

तिसऱ्या पत्रात चार ओळी होत्या. यंत्र चुकीचं होतं, नत्थूजी झाडे यांची पारख बरोबर होती, परत पाठवलेल्या एकोणीस बंड्यांचा माल कोरडा होता, आणि आधीची नोटीस रद्द. नत्थूजींनी ते आवारात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावलं. मधुकररावांनी वाचलं. शेवटच्या ओळीला आवाज उतरला, तेव्हा मागून नत्थूजी म्हणाले, “मागच्या बंडीवाल्याले आयकू नाई आलं.”

मधुकररावांनी ती ओळ पुन्हा वाचली.