पूर्ण मिटा

‘मिटा,’ ते म्हणायचे. आपण डोळे मिटायचो. ‘पूर्ण मिटा.’ आपल्याला वाटायचं, पूर्णच तर मिटलेत, आता आणखी काय मिटायचं. तरी ते खुर्ची पुढे ओढून, चष्मा कपाळावर चढवून आपल्या मिटलेल्या पापण्यांकडे बराच वेळ बघत बसायचे. मग म्हणायचे, ‘हं. मिटतात. आता सांगा, काय होतंय?’

डोळे उघडून तपासणारे डॉक्टर तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. आमचे डॉक्टर आधी मिटून तपासायचे. शहाद्यात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता, आणि आमच्या कॉलनीत माझ्या घरापासून तीन घरं सोडून त्यांचं घर. ही सवय ते दवाखान्यात ठेवून घरी येत नसत. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या पाहुण्याला ते मिटायला लावत. शेजारची नवी सून पाया पडायला वाकली, तर आशीर्वादाच्या आधी ‘बेटा, मिट बरं’ म्हणाले होते. ती पोर घाबरली. सासरच्या गावची काही रीत असेल असं समजून तिनं डोळे मिटले आणि हातही जोडले.

त्यांचे वडील शिंपी. गावात दुकान होतं आणि पोरानं त्या दुकानात काजं करत शाळा केली होती. त्यामुळे डोळ्यांचं शिक्षण दक्षिणेतल्या मोठ्या रुग्णालयात घेतलं, पापण्यांच्या शस्त्रक्रियेत हात बसवला, तरी बोलणं शिंप्याचंच राहिलं. ‘कापड जास्त राहिलं तर उद्या कापता येतं,’ ते म्हणत. मग खास आमच्या अहिराणीत, ‘कापेल परत येस नही.’ कापलेलं परत येत नाही.

दुसरी सवय फोटोची. पापणी लोंबतेय, डोळ्याखाली पिशव्या आल्यात, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की पहिल्या दिवशी औषध नाही, सल्ला नाही. ‘जुना फोटो आणा. तरुणपणचा.’ रनाळ्याची एक आजी लग्नाचा भिंतीवरचा फोटोच उतरवून, टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आली होती. मी चष्म्याचा नंबर काढायला तिथेच बसले होते.

‘देखी ले,’ आजी म्हणाली. ‘मन्हा डोया कसा व्हतात.’

डॉक्टरांनी फोटो खिडकीशी नेला. एकदा फोटोतल्या नवरीकडे बघितलं, एकदा आजीकडे. ‘माय, डोया ते तव्हयबी आशाच व्हतात.’

‘मंग म्हतारा कसाले म्हनस, तू बदली गई?’

‘म्हाताऱ्याला घेऊन या,’ डॉक्टर म्हणाले. ‘त्याला मोतीबिंदू असणार.’ आणि होता. पुढच्या आठवड्यात आजीनं फोटोबरोबर म्हाताराही आणला होता.

याचा अर्थ ते कुणाच्या पापणीला हातच लावत नसत असा नाही. सातपुड्यातून एक म्हातारे यायचे. समोरचा माणूस बघायचा तर बोटानं पापणी वर धरावी लागायची, आणि एक हात असा अडकला की शेतात काम कसं करणार? त्यांची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी लगेच केली. गरज असली तर करायचे. हौस असली तर फोटो मागायचे.

आता माझ्या हौशीकडे वळते. सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय हा माणूस तुम्हाला कळायचा नाही.

मी लोणखेड्याच्या शाळेत गणित शिकवलं आणि शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मधुमेह निघाला आणि माझं वजन भराभर उतरलं. गाल बसले, डोळ्याखाली खड्डे पडले, खड्ड्यांवर पिशव्या. शाळेत जो तो विचारायचा, ‘मॅडम, बरं नाही का?’ आणि त्यात सेवापूर्तीचा सोहळा ठरला. आमच्याकडे सेवापूर्ती म्हणजे गावाच्या तोंडाशी फ्लेक्स लागणार हे ठरलेलं. शिपायानं फ्लेक्सचा नमुना मोबाईलवर दाखवला. मला वाटलं, हा श्रद्धांजलीचा आहे.

मी डॉक्टरांकडे गेले. ‘मिटा’ झालं, फोटो झाला. मी बी.एड.च्या वेळचा नेला होता. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला आणि स्वतःच्या अंगठ्यानं माझा गाल जरासा वर उचलला. आरशातली पिशवी नाहीशी झाली. अंगठा काढला, पिशवी परत हजर.

‘दिसलं? पापणी तीच आहे, मॅडम. खालचा आधार गेलाय. भिंत खचली म्हणून कुणी छप्पर कापत नाही.’

‘मग काय करायचं?’

‘आधी साखर आटोक्यात येऊ द्या. वजन थोडं भरेल, त्याबरोबर चेहराही भरेल. नाहीच भरला, तर गालात भर घालता येते. इंजेक्शननं घालतात, ती वर्षा-दोन वर्षांत विरते. किंवा तुमच्याच कमरेची थोडी चरबी काढून तिथे भरतात. आणि काहीच न करणं, हाही एक उपाय आहे.’

‘फ्लेक्स दोन महिन्यांनी लागणार आहे,’ मी म्हणाले.

ते हसले. ते हसणं मला फार लागलं. मी म्हणाले, ‘तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा.’

‘येतं,’ ते म्हणाले. ‘म्हणून तर करत नाही.’

मुख्याध्यापिकेला ‘नाही’ ऐकायची सवय नसते. मी साड्या आणायला चालले असं सांगून सुरतेला भाचीकडे गेले. तिथल्या एका दवाखान्यात वरच्या-खालच्या चारही पापण्या एका बैठकीत झाल्या. साड्याही आणल्या, खोटं नको म्हणून.

पंधरा दिवस सगळं छान. मग सूज उतरली तशी उजव्या डोळ्याची खालची पापणी हळूहळू खाली ओढली जाऊ लागली. बुबुळाखाली पांढरी कड दिसायची. डोळ्यात सतत वाळू गेल्यासारखं व्हायचं. सुरतेहून फोनवर सांगितलं, थांबा, बसेल. मी थांबले. सकाळी उठले की डोळा चिकटलेला आणि लाल. मला बघायला आलेली भाची एकदा मी दुपारी झोपून उठल्यावर म्हणाली, ‘मावशी, तुझा एक डोळा झोपेतही माझ्याकडे बघतो.’ तरी मी डॉक्टरांकडे गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार? तीन घरं ओलांडायची होती, पण मी त्यांच्या दारावरून जाणंच सोडलं. भाजीला घरामागच्या गल्लीनं जायचे.

सोहळ्याच्या दिवशी मी काळा चष्मा लावून व्यासपीठावर बसले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं मीच पसरवलं होतं. भाषणं सुरू झाली. पंख्याचा वारा सरळ तोंडावर. उजवा डोळा असा गळायला लागला की मला चष्मा काढून पुन्हा पुन्हा पदर लावावा लागला. समोरच्या बायकाही पदर लावू लागल्या. पाहुणे म्हणाले, ‘मॅडम भारावल्या आहेत.’ टाळ्या पडल्या.

तिसऱ्या रांगेत डॉक्टर बसले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. एकाच डोळ्यानं कुणी भारावत नाही, हे त्या अख्ख्या मांडवात त्यांना एकट्यालाच कळलं होतं. कार्यक्रम संपल्यावर श्रीफळ द्यायच्या रांगेत ते आले, नारळ हातात ठेवला आणि हळूच म्हणाले, ‘उद्या सकाळी या. फोटो आणू नका.’

मी गेले. कंपाउंडरलाही बाहेर पाठवून त्यांनी दार लोटलं.

‘मिटा.’

मी मिटले.

‘पूर्ण मिटा.’

मी जोर लावला. डावीकडे अंधार झाला. उजवीकडे खालून उजेडाची एक फट राहिलीच. त्या फटीतून मला त्यांच्या शर्टाचं खालचं बटण दिसत होतं.

त्यांनी डोळ्यात पिवळा रंग टाकला, निळा दिवा लावून पाहिलं. बुबुळ खालच्या बाजूनं सुकत चाललं होतं, तिथे जखम झाली होती. असंच राहिलं तर तिथे पांढरा डाग पडेल आणि नजर जाईल. हे त्यांनी मला आडपडदा न ठेवता सांगितलं. मी बोलणी खायच्या तयारीनं गेले होते. दोन वाक्यं तर मीच त्यांच्या वतीनं मनात रचून ठेवली होती. ती त्यांनी वापरली नाहीत. मी रडायला लागले. या वेळी दोन्ही डोळ्यांनी.

आयुष्यभर माझ्याशी शुद्ध मराठीत बोलणारा माणूस म्हणाला, ‘बठ माय. रडू नको. आते मन्हं आयक.’

मग सहा महिने ऐकलं. दर तासाला थेंब. झोपताना मलम आणि वर चिकटपट्टी, पापणी ओढून बंद करून. दिवसातून तीनदा बोटाच्या टोकानं खालची पापणी वर चोळायची. त्यांनी माझं बोट धरून शिकवलं. ‘किती दाबायचं? पिकलेल्या केळीची साल फाटणार नाही इतपत.’ संध्याकाळी फिरायला निघाले की आमच्या फाटकाशी थांबायचे. आत यायचे नाहीत. फाटकावरूनच ‘मिटा’ म्हणायचे, बघायचे, पुढे जायचे. मी त्यांना मागच्या गल्लीनं चुकवत होते त्याचा बदला घेताहेत असं मी त्यांच्या बायकोला, वहिनींना म्हणाले. त्या म्हणाल्या, ‘बदला कसला. रोज घरी येऊन मला सांगतात, आज फट एक केसभर कमी होती.’

सुरतेच्या डॉक्टरला मी शिव्या घालायला लागले की ते थांबवायचे. एकदा त्यांनी टेबलाचा खण उघडून एक फोटो दाखवला. डोक्यावर पदर घेतलेली एक शेतकरीण.

‘माझ्या सुरुवातीच्या काळातली,’ ते म्हणाले. ‘वरच्या पापणीची कातडी जरा जास्त घेतली गेली. जरा म्हणजे किती, दोन तांदूळ. नजर वाचली, पण डोळा कधी पूर्ण मिटला नाही. पुढे दर महिन्याला तिच्या गावी जाऊन बघत होतो. वारली तेव्हाही गेलो. डोळा अर्धा उघडा. बाया म्हणत होत्या, म्हातारीचा जीव पोरात अडकला होता.’ त्यांनी खण लावून घेतला. ‘पोरात कशाला अडकेल? माझ्या कात्रीत अडकला होता.’

तुम्हाला सांगते, तोवर मी त्यांना हुशार मानत होते. त्या दिवसापासून मोठा माणूस मानू लागले. स्वतःची चूक विसरू नये म्हणून टेबलाच्या खणात जपणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. माझ्या चुका मी कायम खोडरबरानं पुसत आले.

सहा महिन्यांनी व्रण मऊ झाला तेव्हा त्यांनी शस्त्रक्रिया केली. कानामागची बोटाच्या पेराएवढी कातडी खालच्या पापणीला लावली, आणि पापणीला खालून आधार मिळावा म्हणून माझ्याच कमरेची चरबी गालात भरली. ‘हेच आधी करायचं होतं,’ मी म्हणाले. ‘आधी कशाला,’ ते म्हणाले, ‘आधी काहीच करायचं नव्हतं.’

पट्टी निघाली, टाके निघाले, सूज उतरली. एका सकाळी त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा कपाळावर चढवला.

‘मिटा.’ मी मिटले. बाहेर एसटीचा कंडक्टर दोंडाईचा, दोंडाईचा म्हणून ओरडत होता. मी घाबरून विचारलं, ‘मिटला का?’

‘मला काय विचारता? अंधार आहे का?’

‘आहे.’

‘पूर्ण?’

‘पूर्ण.’

‘मग शाळा सुटली,’ ते म्हणाले. मी डोळे उघडले तेव्हा ते पाठ करून खिडकीशी उभे होते आणि चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

त्यानंतर दर मंगळवारी मी त्यांच्या दवाखान्यात बाकावर बसायला लागले. पापण्या कापून घ्यायला निघालेल्या बायांना मी माझे फोटो दाखवायचे. आधीचा, सुरतेनंतरचा आणि आताचा. डॉक्टर आतून म्हणायचे, ‘मॅडम, जास्त घाबरवू नका, ज्यांना गरज आहे त्याही पळून जातील.’

गेल्या मे महिन्यात एका दुपारी वहिनींचा फोन आला. डॉक्टर जेवून पडले होते, उठलेच नाहीत. मुलगा परदेशात. मी चप्पल न घालताच तीन घरं ओलांडली. त्यांनी नेत्रदानाचा अर्ज कधीच भरून ठेवला होता. वहिनींनी नेत्रपेढीला फोन केला होता आणि नंदुरबारहून माणसं यायला निघाली होती. तोवर काय करायचं ते मला तोंडपाठ होतं. दवाखान्यातल्या बाकासमोरच्या भिंतीवरचा नेत्रदानाच्या सूचनांचा तक्ता मी दर मंगळवारी वाचत होते. पंखा बंद करा. डोळे मिटा. वर ओला कापूस ठेवा.

मी पंखा बंद केला. मे महिन्यात शहाद्यात पंखा बंद म्हटल्यावर जमलेले लोक एकमेकांकडे बघू लागले.

त्यांचे डोळे थोडे उघडे होते. त्यांच्या गावाकडची एक म्हातारी चुलती पायाशी बसली होती. ती म्हणाली, ‘पोऱ्यानी वाट देखी ऱ्हायनात. जीव पोऱ्यामा अटकेल शे.’

मी त्यांच्या उशाशी बसले. किती दाबायचं ते माझ्या बोटाला माहीत होतं. सहा महिने त्यांनीच शिकवलं होतं. मी दोन्ही पापण्यांवर बोटं ठेवली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘मिटा.’

मी बोटं हलकेच खाली सरकवली.

‘पूर्ण मिटा, डॉक्टर.’

बोटं मी बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग काढली आणि त्यांच्यासारखीच पुढे वाकून बघितलं. त्या पापण्यांना कधी कुणाची कात्री लागली नव्हती. कातडी भरपूर होती. दोन्ही डोळे मिटले होते.