पानांच्या गाठोड्यातल्या चार वह्या

निपाणीत आमच्या गल्लीतल्या बायका मालूच्या एका सवयीला अजून हसतात. बिडीच्या पानांवर संध्याकाळी पाणी मारून ठेवावं लागतं, म्हणजे सकाळी ती मऊ होतात आणि कात्रीखाली तडकत नाहीत. बाकीच्या पाणी मारतात आणि उठतात. मालू आधी गाठोडं सोडते, कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपते, मगच तांब्या उचलते. "साप हाय का गं आत?" असं कुणी विचारलं तरी ती तळ चाचपतच राहते. त्यामागचं कारण मला ठाऊक आहे. गल्लीतलं मला ठाऊक नाही असं थोडंच असतं, आणि ठाऊक असलेलं पोटात ठेवायची मला खोड नाही. हे एवढंच दहा वर्षं ठेवलं.

शहात्तर साली मालू सोळा वर्षांची होती. बाप भीमाप्पा वखारीत तंबाखूची पोती उचलायचा आणि युनियनच्या पावत्या फाडायचा. आदल्या साली आणीबाणी लागली त्याच महिन्यात त्याला धरून बेळगावच्या तुरुंगात घातलं होतं. किती दिवसांसाठी, ते कुणी सांगेना. मी त्यांचा शेजारी, मालूचा मानलेला मामा, त्याच वखारीत वजनाच्या काट्यावर. मला कुणी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं होतं की माझा संबंध फक्त काट्याशी.

घरी राहिल्या मालू आणि तिची आई तानीबाई. शाळा सुटली की मालू आईजवळ बसून बिड्या वळायची आणि दिवेलागणीला वही काढायची. पोरगी कादंबरी लिहीत होती. तीही ऐतिहासिक, पंचवीस वर्षांपूर्वीची, आणि युरोपातल्या कुठल्याशा देशातली, जिथं पक्ष एकच, लाल बावट्याचा, आणि पुढारीही एकच. वाचनालयातल्या एका फाटक्या पुस्तकातून तिनं तो देश उचलला होता. नायक सोळा वर्षांचा योझेफ. त्याच्या बापाला सरकारी माणसं घेऊन गेलेली.

मी छेडायचो. "मालुबाई, तुझा योझेफ सकाळी खातो काय?"

"पाव."

"आन् पाव संपला तर?"

"रांगंत थांबतो, मामा. तुम्ही रॉकेलला थांबता तसा."

"आन् तिथला बर्फ कवा बघितलास तू?"

"गोळेवाल्याकडं."

एकदा तिनं मला एक पान वाचून दाखवलं. योझेफच्या गल्लीत एक शेजारी होता, याचं त्याला सांगणारा. "ह्यो कोण गं?" मी विचारलं. "असतोय की सगळ्या देशांत," असं म्हणून ती हसली. मीही हसलो.

महिन्यातून एकदा भेट मिळायची. तानीबाईला बिड्या सोडून जाता यायचं नाही, म्हणून मालूला मी घेऊन जायचो. जाळीपलीकडं भीमाप्पा, शेजारी शिपाई कान देऊन उभा. घरचं, वखारीचं काही बोलायची सोय नव्हती. म्हणून भीमाप्पा कादंबरीचंच विचारायचा.

"पोराचा बाप सुटला का गं?"

"अजून न्हाय, आप्पा."

"मग उगं सोडू नगंस. खरंच सुटंल तवा लिही." त्याला खोकल्याची उबळ यायची, ती जिरली की म्हणायचा, "चार वह्या झाल्या म्हणतीस? जपून ठेव. आलो की पयल्यांदा त्याच वाचणार."

शिपायाला वाटायचं, बाप-लेकीचं आपलं गोष्टीचं वेड. त्या चार वह्यांवर माणूस तग धरून होता.

आणि मी काय केलं? चहाच्या गाड्यावर चार माणसं जमली होती, मला राहवलं नाही. म्हणालो, "आमच्या मालूनं एक हुकूमशहा वहीत कोंडून घातलाय. सरकार पडायलाच आलंय, शाई तेवढी आणायची राह्यलीय." सगळे हसले. मारुतीराव हवालदारही हसला. मग कप खाली ठेवून त्यानं विचारलं, "कुठली मालू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दोन शिपाई घेऊन, वह्यांची चौकशी करत गल्लीत शिरला. मालू शाळेत होती. तानीबाईला वाचता येत नव्हतं. वह्या भीमाप्पासाठी आहेत, एवढंच तिला माहीत. तिनं चारही वह्या कोरड्या पानांच्या गाठोड्यात मधोमध खुपसल्या. शिपायांनी ट्रंक उपडी केली, जोंधळ्याचा डबा पालथा केला, गाठोड्यात काठी खुपसली आणि निघून गेले.

मालू आल्यावर तानीबाई म्हणाली, "गाठोड्यात हायत. आज राहू दे तिथंच, परत येतील मेले." कितीतरी महिन्यांनी ती हसली, असं मालूच सांगते. मग ती बुडालेल्या दुपारच्या बिड्या भरून काढायला बसली. तीस वर्षं हात जे करत आले तेच हातांनी उठताना केलं. गाठोड्यावर दोन तांबे पाणी ओतलं, वर गोणपाट टाकलं, दगड ठेवला.

सकाळी सोडलं तेव्हा वह्यांचा लगदा झाला होता. शाईच्या पेनानं लिहिलेलं सगळं पानांवर उतरलं होतं, निळं. पानं कारखान्याची, टाकायची सोय नाही. मालूनं ती फडक्यानं पुसली, कापली आणि त्यांच्या बिड्या वळल्या. तानीबाई दोन दिवस जेवली नाही.

मी म्हणालो, "परत लिही की गं. तुझ्या डोक्यात हायच सगळं."

ती मान वर न करता म्हणाली, "लिहीन. मग तुम्ही कुणाला सांगाल, मामा?"

पुढच्या भेटीला जाताना निपाणीपासून बेळगावपर्यंत ती बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसली. भीमाप्पा हडकला होता. जाळीला धरूनच उभा राहिला.

"सुटला का पोराचा बाप?"

"सुटला, आप्पा."

"कवा?"

"परवा."

भीमाप्पा तिच्याकडं बघत राहिला. "आन् पोरगं काय करतंय?"

"बिड्या वळतंय."

शिपाई फिदीफिदी हसला. "त्या मुलखात बिड्या असत्यात व्हय?" भीमाप्पा हसला नाही; वह्या उरल्या नाहीत, हे त्याला उमगलं असावं. त्यानं माझ्याकडं बघितलं. एरवी मी काहीतरी बोललो असतो.

सत्त्याहत्तर साली तो सुटून घरी आला. आठ वर्षं जगला. त्या वह्यांचं त्यानं एकदाही विचारलं नाही. मालू वाट बघत होती, त्यानं विचारावं म्हणून.