टॉकीजमधली तिची जागा

आमची मैत्रीण श्रावणात तापानं गेली. मी तेव्हाही रडले नाही आणि नंतरही नाही. तेराव्याला बायका माझ्याकडे बघून कुजबुजल्या, तेही मला ऐकू आलं. पण त्याचं काही वाटलं नाही. दिवाळी झाली, थंडी पडली, कापूस फुटला. मी रोज सकाळी वेचणीला जायची. बोंडांवर दव असायचं, बोटं गारठून जायची. ती गारठलेली बोटं आणि मी, सारखीच झालो होतो.

आम्ही तिघी. मी आणि ती एकाच गावच्या सुना, शेताला शेत लागून. तिसरी वरोऱ्यात बसस्टँडमागे शिलाईचं दुकान चालवते. मुसलमानाची आहे, आमचे ब्लाउज शिवता शिवता मैत्रीण झाली. हिवाळ्यात आमचा एक ठरलेला दिवस असायचा. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायच्या, डब्यात भरायच्या, एसटीनं वरोऱ्याला जायचं आणि दुपारच्या खेळाला टॉकीजमध्ये बसायचं. कोणता पिच्चर लागला आहे हे तिथे गेल्यावर कळायचं. मारामारीचा असला तरी आम्ही बघायचो. घरी सांगताना बाजाराला जातो म्हणायचो आणि घरच्यांना खरं काय ते माहीत असायचं.

त्या वर्षी मी गेले नाही. शिलाईवालीचे दोनदा फोन आले. वेचणी आहे, असं मी सांगितलं. तिनं जोर केला नाही. तूर भरली होती, शेंगा मीही उकडल्या, शेकोटीपाशी बसून घरच्यांबरोबर खाल्ल्या. मीठ घालायला विसरले होते, हे नवऱ्यानं सांगितलं तेव्हा समजलं.

एक दिवस मी वेचणी करत असताना गेलेल्या मैत्रिणीचा नवरा बांधावर येऊन उभा राहिला. हा माणूस फार बोलणारा नाही. आमच्या भागात धान-कापूस आटोपला की गावोगाव नाटकं होतात. त्यात तो ढोलकी वाजवतो. हिवाळाभर त्याच्या ओसरीवर तालीम चालायची आणि ती चहा करून करून थकायची. त्या वर्षी त्यानं ढोलकीला हात लावला नव्हता. नाटकवाल्यांनी दुसरा माणूस बघितला होता.

त्यानं विचारलं, "तुमी पिच्चरले जाऊन राह्यल्या का, बाई?"

मी म्हटलं, "नाई, भाऊ. यंदा नाई गेलो."

त्यानं जवळचं एक फुटलेलं बोंड वेचून माझ्या ओटीत टाकलं. मग म्हणाला, "जाल तवा मले सांगजा. ती कुठी बसे, ते मले पाहाचं आहे."

मला नाही म्हणायचं कारण सुचलं नाही, म्हणून मी हो म्हटलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो आणि मी निघालो. माझ्या नवऱ्याला मी सगळं सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला की त्याले सोबत घेऊन जा, बरं होईल. एसटीत ढोलकीवाला पुढे बसला, मी मागे बायकांत. त्यानं धुतलेला पांढरा सदरा आणि वर स्वेटर घातला होता, लग्नाला निघाल्यासारखा. वरोऱ्यात शिलाईवालीनं त्याला बघितलं, मशीनवर कपडा टाकला आणि काही न विचारता आमच्याबरोबर चालू लागली.

टॉकीजमध्ये गर्दी नव्हती. आमची जागा मागच्या बाजूला भिंतीजवळ. शिलाईवालीनं भिंतीकडची खुर्ची दाखवली आणि सांगितलं की ती इथेच बसायची, चपला काढून पाय वर घ्यायची. तो त्या खुर्चीत बसला नाही. शेजारच्या खुर्चीत बसला. आम्ही दोघी त्याच्या पलीकडे. पडद्यावर पिच्चर सुरू झाला. तो पडद्याकडे बघतच नव्हता. रिकाम्या खुर्चीकडे आणि भिंतीकडे बघत होता. आपल्याला आता रडू यायला पाहिजे, असा विचार माझ्या मनात आला. आलं नाही. फरशी फार गार आहे, एवढंच जाणवत होतं.

मग गाणं लागलं. तो माझ्याकडे वाकून म्हणाला, "गाणं लागलं का ती काय करे?"

"सोबत म्हणे," मी म्हटलं.

"मनातल्या मनात?"

"नाई, भाऊ. जोरानं. पुढचे लोक वळून वळून पाहत."

 गाणं संपलं, पडद्यावर भांडण सुरू झालं, तेव्हा तो हळूच म्हणाला, "घरी तं तिनं कधी नाई म्हटलं. इतकी वर्षं मी वाजवून राह्यलो, अन् तिले गाणं येते हे मले माहीतच नाई."

शिलाईवालीनं पदर तोंडाला लावला. मी पडद्याकडे बघत राहिले.

परतताना एसटीत तो माझ्या पुढच्या सीटवर बसला आणि वळून विचारत राहिला. कोणती गाणी म्हणायची, जुनी की नवी, सूर कसा होता. मी सांगत गेले. तिला कडवी पाठ नसायची, मधले शब्द ती स्वतःच्या मनाचे घालायची, त्यात आमच्या सासवांची नावं यायची. हे सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच होता. तो मात्र हसला, आणि हसताना त्याचे डोळे भरले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी शिलाईवाली गावात आली, तेव्हा संध्याकाळी तो ढोलकी घेऊन आमच्या अंगणात आला. शेकोटी पेटलेली होती. तिची गाणी म्हणा, म्हणाला. आम्हा दोघींना गाता येत नाही. आम्ही तिच्या मागे नुसत्या गुणगुणणाऱ्या. तरी सुरुवात केली. दुसऱ्या ओळीलाच आम्ही घसरलो. त्यानं हात थांबवला आणि तालमीत सांगतात तसं गंभीरपणे म्हणाला की पुन्हा पहिल्यापासून, तुम्ही समेवर येतच नाही.

शिलाईवाली म्हणाली, "भाऊ, हम गाने नहीं, शेकने बैठे हैं. तुम बजाओ."

मला हसू आलं. बारीकसंच, पण ते माझंच होतं. श्रावणापासून पहिल्यांदा. नवरा घरातून बाहेर येऊन बघून गेला.

पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा नाटकात वाजवू लागला. आमच्याबरोबर पिच्चरलाही येतो. तो मध्येच मोठ्यानं विचारतो की हा कोण, याले काऊन मारलं, आणि लोक वळून बघतात. मी त्याला गप्प बसायला सांगते. रडू मला अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल, असं शिलाईवाली म्हणते, आणि तो विषय आम्ही तिथेच सोडतो.