साडूंचं कझाकस्तान

माझे साडू सुधाकरराव जेवायला बसले की आधी भांडी हलवत. टोरांटोतल्या नॉर्थ यॉर्कच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये ते पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी वरणाचं पातेलं टेबलाच्या मधोमध ओढलं आणि त्याला चारी बाजूंनी भांडी लावली. "हे कझाकस्तान. पोटात तेल, तांबं, सगळं. पण समुद्राकडे वाट नाही. जो वाट काढून देईल, त्याचं हे वरण." खेटून ठेवलेला कुकर म्हणजे चीन. भारत म्हणजे लोणच्याची बरणी, ती टेबलाच्या टोकाला. वरण गार झालं तरी भारत जागचा हलला नाही आणि आम्हीही जेवलो नाही. पुढे पुढे ते आले की माझी मुलगी आईला विचारायची, "इज ही डूइंग चायना अगेन?"

सुधाकरराव मूळचे नागपूरचे, खाणीचे इंजिनिअर. उमेदीची वर्षं त्यांनी कझाकस्तानच्या तांब्याच्या खाणीत काढली आणि मुलांच्या शिक्षणासाठी ते कॅनडात आले. इथे त्यांच्या अनुभवाला कोणी विचारेना, म्हणून टोरांटोशेजारच्या वॉनमधल्या एका गोदामात खोकी उचलून त्यांवर लेबलं लावू लागले. त्याचा राग ते कॅनडावर काढत नसत, दिल्लीवर काढत. "चीन रस्ता बांधून राहिला, अन् आपण संबंध दृढ करून राहिलो," हे वाक्य मी दर रविवारी ऐकलं आहे. मी संगणकवाला. माझं परराष्ट्र धोरण बायकोच्या माहेरापुरतं, त्यामुळे मान हलवण्यापलीकडे माझा उपयोग नव्हता.

एका मार्चमध्ये टोरांटोत खाणवाल्यांचं संमेलन भरलं. सुधाकररावांचा जुना सहकारी येरलान आता एका खाणीचा मोठा साहेब झाला होता आणि भागीदार शोधत होता. मुंबईच्या एका तांबे कंपनीचे एक अधिकारीही आले होते. सुधाकररावांनी दोघांना गाठलं. जमलं तर त्या खाणीवर कंपनीचा माणूस म्हणून तेच जाणार होते. वॉनचं गोदाम सुटणार होतं.

येरलानला विमानाआधी एकच संध्याकाळ मोकळी होती, तीही तासाभराची. मी म्हटलं, कॉफी शॉपमध्ये बसवा दोघांना. सुधाकरराव दुखावले. "पाहुणा पहिल्यांदा येऊन राहिला, अन् कॉफीवर बोळवू?" आणि त्यांनी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला.

हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी, म्हणून बॅटरीच्या समया लावल्या. मग स्वागतगीत, मग प्रास्ताविक. शाल आणि नारळ दोन्ही पाहुण्यांना, म्हणजे दोनदा टाळ्या, दोनदा फोटो. अध्यक्ष दोघांच्या मधल्या खुर्चीत बसले होते आणि दोघांनाही मंडळाचा इतिहास सांगत होते. मग पाहुण्यांचा परिचय करून द्यायला स्वतः सुधाकरराव उभे राहिले. मराठीत, मधूनच रशियनमध्ये, त्यांनी खाणीवरच्या पहिल्या हिवाळ्यापासून सुरुवात केली. येरलानने डोळे पुसले. मी माइकशेजारी उभा राहून घड्याळ दाखवत होतो. त्यांना वाटलं माइक बिघडलाय, ते आणखी मोठ्याने बोलू लागले.

आभारप्रदर्शन चालू असताना येरलान उठला. त्याला विमानतळावर सोडायला संमेलनातलाच एक चिनी कंपनीवाला गाडी घेऊन बाहेर थांबला होता. आमचे अधिकारी नारळ मांडीवर घेऊन बसलेलेच होते. चिनी माणसाने सत्कार केला नाही. वाटेतल्या ट्रॅफिकमध्ये त्याने सगळं विचारून घेतलं.

खाण चिन्यांकडे गेली. सुधाकरराव महिनाभर आमच्याकडे आले नाहीत. आले तेव्हा सांगितलं की येरलानने त्यांचं नाव सुचवलंय आणि चिनी कंपनीने त्याच खाणीवर नोकरी देऊ केलीय. बॅगा भरत असतानाच मुंबईहून फोन आला: अशा प्रकल्पांचा विषय तत्त्वतः मान्य झालाय, समिती नेमलीय, आपण थोडं थांबावं. आणि हा माणूस थांबला! दोन दिवस बॅग उघडी ठेवून बसला. शेवटी आमची मालूताई, म्हणजे त्यांची बायको, इतकंच म्हणाली, "समितीला विचारा, तोवर वॉनला खोकी कोणी उचलायची." मग बॅग बंद झाली.

विमानतळावर मी, नको तिथे तोंड उघडायची सवय असल्यामुळे, विचारलंच की ज्या चिन्यांनी बाजी मारू नये म्हणून आयुष्यभर तळमळलात, त्यांच्याकडेच निघालात. ते चिडले नाहीत. त्यांनी हातातला पासपोर्ट दोनदा उघडून मिटला.

"तांबं काय, जमिनीतच पडलं होतं ना, बाप्पा. जो विचारायला आला, तो घेऊन गेला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मलेही."